टांग्यांतील जागा

नभोवाणीच्या अधिकाऱ्यांनीं मला विषय दिला तो "घोड्यापासून मोटारीपर्यंत" असा. हा विषय ऐकतांच कोणाच्याहि डोळ्यांपुढें वेगाचें चित्र उभें राहतें. घोडा ताशीं इतके मैल, आगगाडी इतके मैल, मोटार इतके मैल, अशी चढती भाजणी मांडावी आणि मानवाच्या प्रगतीचे गोडवे गावे, ही या विषयाची रूढ वाट आहे. मीं छत्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिकविलें. दळणवळणाच्या साधनांचा पाठ शिकवितांना मींहि हीच भाजणी फळ्यावर लिहिली, आणि मुलांनीं ती परीक्षेंत बिनचूक उतरवून काढली. परंतु मी टांगेवाल्याचा नातू आहें. वाहनांत बसणाऱ्याच्या बाजूनें नव्हे, तर वाहन हांकणाऱ्याच्या बाजूनें मीं हा विषय प्रथम पाहिला. त्या बाजूनें पाहतां वेगाच्याहि आधीं एक निराळी गोष्ट दिसते, ती ही कीं वाहनांत जागा कोणाला मिळते. आजच्या थोडक्या वेळांत मी मुख्यतः त्या जागेविषयींच बोलणार आहें.

आरंभीं एक गैरसमज दूर करूं. घोड्याचा काळ म्हणजे सर्व लोक घोड्यावर बसून हिंडत असत, असें नव्हे. बैल शेतांत राबून आपला कडबा आपण मिळवितो. आपल्याकडील घोडा नांगर ओढीत नाहीं, आणि हरभऱ्याची चंदी मात्र त्याला वेळच्या वेळीं लागते. साध्या कुणब्याला हा खर्च कोठून झेपावा? सामान्य मनुष्याचें वाहन म्हणजे त्याचे पाय. पालखीची गोष्ट तर याहून वेगळी होती. पेशवाईंत पदरीं पैसा आहे म्हणून कोणी उठून पालखींत बसूं शकत नसे. पालखी आणि अब्दागीर हे मान सरकारांतून मिळावयाचे. खेड्यापाड्यांत घोड्याचेंहि तसेंच. नवरदेवानें घोड्यावरून मिरवावें कीं मिरवूं नये, हें त्याची जात पाहून गांव ठरवी. देशाच्या कांहीं भागांतून अशा वरातींवरून मारामाऱ्या झाल्याच्या बातम्या अजूनहि वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतात, म्हणून ही गोष्ट केवळ इतिहासांतली आहे असें मी म्हणत नाहीं.

चाकाला रस्ता लागतो, आणि रस्ते आपल्याकडे उशिरा झाले. १८३० सालीं, सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर असतांना, बोरघाटांतून गाडी जाईल असा रस्ता खुला झाला. तोंवर देश आणि कोंकण यांच्यामधील माल वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून चढत-उतरत असे. पुढें १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत २१ मैल आगगाडी धांवली. तिचें वर्णन आपण सर्वांनीं शाळेंत वाचलें आहे, तें मी पुन्हां करीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत बांकावर जागा धरतांना शेजाऱ्याची जात विचारण्याची सवड कोणाला नसे. गर्दी हीहि कधीं कधीं मोठी सुधारक असते!

मात्र आगगाडी घराच्या दारांत येत नाहीं. आमच्या गांवाचें स्टेशन गांवापासून अडीच मैल दूर आहे. सातारा जिल्ह्यांत आणखीहि कांहीं गांवांची हीच स्थिति होती. रूळ टाकणाऱ्यांनीं जमिनीचा चढ-उतार पाहिला, गांव पाहिलें नाहीं. त्या अडीच मैलांवर माझे आजोबा चाळीस वर्षें टांगा हांकीत होते. आम्ही त्यांना तात्या म्हणत असूं.

तात्यांच्या घोड्याचें नांव हिरा. पहांटे चारला उठून तात्या त्याला खरारा करीत, रात्रीं भिजत घातलेला हरभरा तोबऱ्यांत भरून तोंडाला बांधीत, खुरांत रुतलेले खडे काढीत, आणि मग स्वतः चहा घेत. हा क्रम कधीं उलटा झालेला मला आठवत नाहीं. महिना-सवा महिन्यानें नालबंदाकडे जावें लागे. नाल झिजला आणि मनुष्यानें कंजूषपणा केला, तर चार दिवसांत घोडा लंगडा होतो आणि केलेल्या काटकसरीच्या कितीतरी पट भुर्दंड बसतो. पावसाळ्यांत उतारू कमी. पण मोटार उभी राहिली कीं खात नाहीं, घोडा उभा राहिला तरी खातो. आषाढ-श्रावणांत आमच्या घरीं भाकरीबरोबर कालवण नसे, हिऱ्याच्या तोबऱ्यांत हरभरा असे. आजी यावरून कधीं कधीं चिडे. तात्या म्हणत, "तो उपाशी राहिला तर आपण सगळेच उपाशी." यापुढें बोलण्यासारखें कांहीं उरत नसे.

टांगा दोन चाकांचा, आणि हांकणाऱ्याची खरी विद्या तोल सांभाळण्याची. मागें भार जास्त झाला कीं टांगा उलार होतो. घोड्याच्या दोहों बाजूंचे दांडे वर उचलले जातात आणि पोटाखालचा पट्टा त्याला काचूं लागतो. पुढें भार झाला तर सारें ओझें त्याच्या पाठीवर येतें. म्हणून उतारू स्टेशनाच्या दारांतून बाहेर पडतांच तात्या नजरेनेंच त्याचें वजन करीत. "रावसाहेब, आपण पुढं या. वहिनी, तुम्ही मुलाला घेऊन मागं बसा." मी लहानपणीं सुट्टीच्या दिवशीं त्यांच्याशेजारीं बसून जात असें. टांग्यांत कोणी कोठें बसावें हें ज्याच्या-त्याच्या वजनावर ठरतें, असें मला बरींच वर्षें वाटत होतें.

१९६६ सालची गोष्ट. मी आठ वर्षांचा होतों. वेशीबाहेरच्या वस्तींतील एक गृहस्थ मुंबईस परळच्या एका गिरणींत कामाला होते, ते गांवच्या यात्रेसाठीं आले. अंगांत इस्त्रीचा सदरा, डोक्याला पांढरी टोपी, हातांत लोखंडी ट्रंक. त्या दिवशीं टांग्यांत मागच्या बाजूस दोनच उतारू होते. एक जागा सरळसरळ मोकळी होती. ते गृहस्थ जवळ आले आणि म्हणाले, "तात्या, एवढी ट्रंक घेता का?" तात्या म्हणाले, "ठेव कीं पायरीपाशीं." ट्रंक टांग्यांत चढली. गृहस्थ चढले नाहींत. टांगा निघाला आणि ते चाकाच्या बाजूनें, टपाच्या दांड्याला हात लावून, झपझप चालूं लागले. मीं तात्यांना विचारलें, "ते बसत का नाहींत?" तात्या घोड्याच्या कानांकडे पाहत म्हणाले, "त्येला चालायची सवं हाय."

त्या माणसाला लहान मुलांची आवड असावी. चालतां चालतां ते मला मुंबईच्या ट्रामच्या गोष्टी सांगूं लागले. ट्राम कशी घंटा वाजवीत येते, वरच्या मजल्यावर बसलें कीं वारा कसा लागतो, गिरणी सुटल्यावर दांड्याला लोंबकळणारी माणसें, आणि दोनच वर्षांपूर्वीं शेवटची ट्राम निघाली तेव्हां ती पाहण्यास लोटलेली गर्दी. टांगा चढावर मंद होई तेव्हां त्यांचा आवाज स्पष्ट ऐकूं येई. उतारावर घोडा दुडक्या चालीला लागला कीं ते धांवूं लागत आणि गोष्ट तुटे. गांव आल्यावर तात्यांनीं त्यांच्याकडून चार आणे घेतले. ते ट्रंकेचें भाडें होतें.

आतां त्या ट्रामविषयीं थोडें सांगतों, कारण जागेच्या इतिहासांत तिचें स्थान मोठें आहे. मुंबईंत ९ मे १८७४ रोजीं ती सुरू झाली तेव्हां ती घोडेच ओढीत. एक मार्ग कुलाब्यापासून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत, दुसरा बोरीबंदरापासून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत. कुलाबा ते पायधुणी तीन आणे भाडें होतें. उतारू वाढूं लागतांच तें दोन आण्यांवर आलें. टांग्याचा घोडा चार माणसें ओढतांना घामाघूम होतो. मग ट्रामचे एक-दोन घोडे गाडाभर माणसें कशीं ओढीत? यांतील मर्म रुळांत आहे. खडी, चिखल आणि खांचखळगे यांशीं झगडण्यांत घोड्याची जी शक्ति फुकट जाते, ती लोखंडी रुळावर फिरणाऱ्या लोखंडी चाकामुळें वांचते. शक्ति वांचली कीं भाडें उतरतें, आणि भाडें उतरलें कीं ज्याला गाडीघोडा कधीं परवडला नसता तोहि गाडींत बसतो. घोड्यांना मात्र हें काम सुखाचें नव्हतें. चालत्या गाड्यापेक्षां थांबलेला गाडा पुन्हां हालविणें जड, आणि ट्राम तर घडोघडीं थांबावयाची. दिवसभरांत एका गाड्यामागें कितीतरी घोडे बदलावे लागत. यासाठीं कंपनीच्या पागेंत घोडे शेंकड्यांनीं बाळगावे लागत.

७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम आली. १९२० सालीं तिच्यावर दुसरा मजला चढला. १५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धांवली, आणि येथें एक मौज पाहा. नवें वाहन आलें कीं जागा स्वस्त होते असा नियम बांधावयास जावें तर बस उलटी महाग निघाली. म्यूझियमपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे, बसला चार आणे. त्यामुळें कित्येक वर्षें बस ही बऱ्या स्थितींतील लोकांची आणि ट्राम गरिबांची, अशी वांटणी राहिली. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्रीं बोरीबंदराहून दादरला गेली. तीच ती, जिची हकीगत मीं टांग्यांत बसून ऐकली होती.

मुंबईंत जातिभेद नव्हता असें कोणी म्हणूं नये. तो चाळींत होता, नळावर होता. गिरणीच्या साळखात्यांत अस्पृश्यांना घेत नसत, कारण तेथें तुटलेला धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे. परंतु ट्रामचा कंडक्टर जात विचारीत नसे, पैसे मागे. वर्षांतील अकरा महिने जो मनुष्य परळला ट्रामच्या बांकावर कोणाच्याहि शेजारीं बसत होता, तो बाराव्या महिन्यांत स्वतःच्या गांवीं चार आणे देऊन आपल्या ट्रंकेला बसवीत होता आणि आपण चालत होता.

हें मला त्या वेळीं कळलें नाहीं. पुढें मास्तर झाल्यावरहि लगेच कळलें नाहीं. बाबासाहेब आंबेडकरांनीं इंग्रजींत लिहून ठेवलेल्या कांहीं आठवणी १९९० सालीं पुस्तकरूपानें निघाल्या. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें; शब्दकोश जवळ घेऊन मीं त्या वाचल्या. त्यांतील दोन प्रसंग आजच्या विषयाचेच आहेत.

पहिला १९०१ सालचा. बाबासाहेबांचे वडील खटाव तालुक्यांत गोरेगांव येथें नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठीं लहानगा भीमराव व बरोबरचीं मुलें साताऱ्याहून आगगाडीनें मसूर स्टेशनावर उतरलीं. न्यावयास कोणी आलें नव्हतें. स्टेशनाबाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, परंतु हीं महारांचीं मुलें आहेत असें कळतांच एकहि गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तो असा कीं मुलांनीं स्वतः गाडी हांकावी आणि गाडीवानानें बरोबर पायीं चालावें. भाडें दुप्पट, आणि मालक रस्त्यावर! रात्रभराच्या त्या प्रवासांत मुलांना प्यावयास पाणीहि मिळालें नाहीं. मसूर आमच्या गांवापासून दूर नाहीं. तें नांव वाचतांच मी दचकलों.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा. आतां तो मुलगा बॅरिस्टर झाला आहे, सरकारनें नेमलेल्या समितीचा सभासद आहे. धुळ्याहून परततांना चाळीसगांवच्या अस्पृश्य मंडळींनीं त्याला एक रात्र आपल्याकडे राहण्याचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनापासून चालत जाण्याइतक्याच अंतरावर होता. पाहुण्याला पायीं नेणें त्यांना बरें वाटेना. परंतु एकहि टांगेवाला महार उतारूला घेऊन टांगा हांकावयास तयार नव्हता. बऱ्याच वेळानें टांगा भाड्यानें मिळाला, तो हांकणाऱ्यावांचून. वस्तींतील एकानें, ज्यानें जन्मांत कधीं टांगा हांकला नव्हता, त्यानें लगाम हातीं घेतला. वाटेंतच एका मोटारीशीं टक्कर होतां होतां वांचली. पुढें नदीवरच्या पुलापाशीं वळण घेतांना चाक कडेच्या दगडावर आदळलें. बाबासाहेब फरसबंदीवर फेंकले गेले, घोडा आणि टांगा नदींत कोसळले. बाबासाहेबांचा पाय मोडला. कित्येक दिवस त्यांना चालतां येत नव्हतें.

टांगा हांकण्याची विद्या किती नाजूक आहे हें मीं आरंभीं सांगितलें. तें या प्रसंगासाठींच. तोल, वळण, घोड्याचा कान, हें सारें वर्षानुवर्षांच्या संवयीनें येतें. ती विद्या ज्यांच्या हातीं होती त्यांनीं ती देण्याचें नाकारलें.

तें पुस्तक मिटल्यावर मला पायरीपाशीं ठेविलेली लोखंडी ट्रंक दिसूं लागली. सार्वजनिक वाहनांत अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला मज्जाव करणें हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ सालीं झाला होता; म्हणजे आमच्या रस्त्यावर तो अकरा वर्षें उशिरा चालत होता. तात्या दुष्ट नव्हते. त्या गृहस्थांना वर घेतलें असतें तर मागचे दोघे उतरून दुसऱ्या टांग्याकडे गेले असते आणि दुसऱ्या दिवसापासून तात्यांच्या टांग्याकडे कोणी फिरकलें नसतें, हें त्यांना ठाऊक होतें. हिऱ्याचा हरभरा त्यावर अवलंबून होता. हें मी समर्थन म्हणून सांगत नाहीं. तात्या १९७४ सालीं वारले. विचारावयाचें तें त्यांना विचारतां आलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर ते असते तरी मीं विचारलें असतें कीं नाहीं, याची मला खात्री नाहीं.

तात्यांचा टांगा कायद्यानें बदलला नाहीं, तो एस्. टी. नें बंद पाडला. मुंबई सरकारची पहिली एस्. टी. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरला, गेली. त्याआधीं खाजगी मोटारी होत्या, पण गाडी भरेपर्यंत सुटावयाची नाहीं आणि भरल्यावरहि वाटेंत माणसें कोंबावयाचीं, असा त्यांचा खाक्या असे. एस्. टी. नें वेळापत्रक आणलें आणि छापील तिकीट आणलें. पुढें "रस्ता तेथें एस्. टी." हें ब्रीद झालें, आणि १९६८ सालीं ती आमच्या स्टेशनाच्या रस्त्यावरहि आली. पहिल्या दिवशीं सरपंचांनीं नारळ फोडला. कंडक्टरनें घंटेची दोरी ओढली, आणि जो पुढें चढला तो पुढें बसला.

तात्या वडाच्या झाडाखालीं टांगा उभा करून पाहत होते. त्यांनीं आणखी एक वर्ष दम धरला. मग बाजारच्या दिवशीं हिऱ्याला नेलें आणि रिकाम्या हातानें परत आले. किंमत काय आली हें घरांत कोणी विचारलें नाहीं. टांग्याचीं चाकें बरेच दिवस गोठ्याच्या भिंतीला टेकून उभीं होतीं. एस्. टी. विषयीं तात्यांचें एकच मत मला आठवतें: "तिला दम लागत न्हाई, म्हून तिला थांबायचं कळत न्हाई." एका माणसाची भाकरी गेली, हें मी विसरूं शकत नाहीं. त्याच दिवशीं गांवांतील निम्म्या लोकांना बसावयास जागा मिळाली, हेंहि मी विसरूं शकत नाहीं. या दोहोंची वजाबाकी कशी करावयाची, तें मीं मुलांना कधीं शिकविलें नाहीं.

शिक्षक या नात्यानें एक अनुभव सांगतों. माझ्या नोकरीच्या पहिल्या गांवीं शाळा सातवीपर्यंतच होती. पुढील शिक्षणासाठीं चार मैलांवर जावें लागे. मुलगे जात, मुली सातवींत थांबत. "एवढ्या लांब पोरीला चालत कशी धाडूं, गुरुजी?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. सकाळ-संध्याकाळची एस्. टी. सुरू झाली, पास मिळूं लागला, त्या वर्षीं तीन मुली आठवीला गेल्या. त्यानंतर मीं मोजणें सोडून दिलें. ओढ्याच्या फरशीवरून पाणी वाहूं लागलें कीं गाडी येत नसे, आणि त्या दिवशीं त्या मुलींचीं तोंडें पाहवत नसत. पुढें मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नांवानें मोफत पास मिळूं लागला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस्. टी. चें भाडें निम्मे झालें. यावर पुरुषमंडळी थट्टा करतात. ज्यांना पायीं चालण्याच्या भीतीनें शाळा सोडावी लागली नाहीं, त्यांना थट्टा परवडते.

यानंतरचा इतिहास आपणां सर्वांच्या अंगणांत उभा आहे. त्यावर वेळ घालवीत नाहीं. स्कूटर आली, तिला राणा प्रतापाच्या घोड्याचें नांव देऊन चेतक म्हटलें गेलें, आणि ती घेण्यासाठीं लोकांनीं वर्षानुवर्षें नांव नोंदवून वाट पाहिली. मोटारींच्या यंत्राची ताकद आजहि अश्वशक्तींतच मोजली जाते. घोडा गेला, त्याचें माप राहिलें. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांना उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविलें. डांबरी रस्त्यावर उन्हांत उभ्या केलेल्या त्या घोड्यांचे हाल ज्यांनीं पाहिले, त्यांना त्या निकालाचें दुःख झालें नसेल. टांगेवाल्याचा नातू असूनहि मला झालें नाहीं. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तेथें घोडे राहिले. परंतु तेथें माणसानें ओढावयाच्या रिक्षाहि राहिल्या होत्या, आणि त्या बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०२५ सालीं द्यावा लागला.

आमच्या स्टेशनाच्या रस्त्यावर आतां एस्. टी. च्या जोडीला जीपगाड्या चालतात. आमच्याकडे त्यांना वडाप म्हणतात. वडापवाला हा टांगेवाल्याचा खरा वारस. गाडी भरल्याशिवाय तो हालत नाहीं, आणि उतारू दिसतांच नजरेनें त्याचें वजन करतो. गेल्या महिन्यांत मी पुण्याहून आलों, तेव्हां बाहेर एकच जीप उभी होती. हांकणारा तरुण माझा जुना विद्यार्थी. ट्रंक घेऊन चालणाऱ्या त्या गृहस्थांचा नातू. गाडींत दाटीवाटीनें दहा माणसें होतीं. त्यानें पुढच्या सीटवरील दोघांना सरकविलें आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही इथं बसा." भाडें घेईना, मीं आग्रह धरला, तेव्हां सर्वांकडून घेतले तेवढे वीस रुपये त्यानें घेतले. त्याच्या आजोबांची ती गोष्ट त्याला सांगावी असें माझ्या मनांत आलें. टांग्याला अर्धा तास लागे, इतका वेळ असता तर कदाचित् सांगितलीहि असती. जीपला सात मिनिटें लागलीं. वडापाशीं त्यानें गाडी थांबविली, माझी पिशवी हातांत दिली, आणि पुढच्या फेरीसाठीं वळण घेऊन तो निघून गेला.